आधी खोलीचे दोष ऐका

आजवर मला ज्यांनी ज्यांनी हात दिला, त्यांत पहिलं नाव मी दीक्षितपुऱ्यातल्या अतिथीगृहाच्या काकांचं घेतो. माझ्या वडिलांना विचारलं तर तेही हेच नाव घेतील, आणि घेता घेता हसायला लागतील. काकांची आठवण अशीच आहे. मान झुकवावी म्हटलं तर आधी हसू येतं.

मी पांढुर्ण्याचा. वडील संत्र्यांच्या पेट्या भरायचं काम करायचे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, त्यामुळे कॉलेजात जायचं म्हणजे आधी कुठे उतरायचं, कुठे झोपायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. जबलपूरला मराठी मंडळाचं अतिथीगृह आहे, कमानिया गेटापासून आत दीक्षितपुऱ्यात विचारा, एवढंच गावातल्या एका मास्तरांनी सांगितलं होतं. आम्ही बापलेक छिंदवाड्याहून बस बदलून, एक पत्र्याची पेटी घेऊन, तिथे पोचलो. त्याआधी आम्ही दोघांनीही कुठल्या लॉजमध्ये कधी रात्र काढली नव्हती.

टेबलामागे एक उंच, हडकुळे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कमरेला रुंद बकलाचा पट्टा. वडिलांनी हात जोडून खोली मागितली. किल्ली द्यायच्या ऐवजी त्यांनी ती मुठीत धरली आणि म्हणाले, "थांबा. आधी खोलीचे दोष ऐका."

वडील माझ्याकडे पाहू लागले.

"पलंग डाव्या बाजूनं कलते. भिंतीकडच्या माणसाला त्रास नाही, दुसऱ्याला आहे. पंखा तीनवर ठेवला तर कुरकुर करते, दोनवर चूप राहते. खिडकीखाली कचोरीवाला बसते, पहाटेच त्याच्या तेलाचा वास सुरू होते. अन् शेजारच्या घरातले आजोबा रात्री उठून खोकतात. त्यांना आपण काही म्हणू शकत नाही. चालते काय?"

वडील जरा विचार करून म्हणाले, "साहेब, आमच्या घराचे एवढे दोष कोणी सांगतले असते, तर आम्ही तिथं राहिलोच नसतो."

काका हसले नाहीत. त्यांनी किल्ली दिली.

सकाळी स्टीलच्या कपबशीतून चहा घेऊन ते स्वतः दाराशी आले. "झोप लागली का?"

"लागली जी," वडील म्हणाले.

"खरं सांगा."

वडिलांनी खाली पाहिलं. "नाही लागली. पोराला इथं सोडून जायचं आहे ना, त्यानं."

काकांनी मान हलवली. "अच्छा. मग तो खोलीचा दोष नाही."

हॉस्टेलात मला जागा मिळाली नाही. पदवी हाती येईपर्यंत मी काकांच्या अतिथीगृहामागच्या सामानाच्या खोलीत राहिलो. तीही देताना त्यांनी दोष सांगितलेच. उंदीर येते, उन्हाळ्यात पत्रा तापते, पावसाळ्यात गाद्यांना वास येते. आणि मग, जणू हाही एक दोषच, अशा सुरात म्हणाले, "अन् मी बाजूलाच राहतो, परीक्षेत नापास झाला तर विचारत जाईन."

*

काका जबलपूरच्याच रांझी भागातल्या सरकारी फॅक्टरीत तपासणी विभागात होते. तयार झालेला माल हातात घेऊन पाहायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर मंडळाने त्यांना अतिथीगृह सांभाळायला दिलं. तेव्हा त्यांनी फक्त मालाच्या जागी खोली धरली, बाकी पद्धत तीच ठेवली.

पद्धत अशी, की कुठलीही खोली पाहुण्याला द्यायच्या आधी ते स्वतः तिच्यात झोपून पाहायचे. बूट काढून पलंगाखाली जोडीने ठेवायचे, उशीवर आपला रुमाल पसरायचा, सरळ उताणं पडायचं, दोन्ही हात पोटावर, डोळे मिटलेले. मग ऐकत राहायचे. पाहुणा कधी कधी बॅग धरून दारात उभा असे. त्यात पंचाईत ही, की खोली चांगली असली तर काकांना खरोखरच झोप लागायची. एकदा भोपाळहून आलेल्या एका जोडप्याला मी तसं ताटकळताना पाहिलं. आत काका घोरत होते. मध्येच त्यांनी झोपेत स्पष्ट आवाजात "रिजेक्ट" असं म्हटलं. जोडपं घाबरून दुसरीकडे निघून गेलं. जागे झाल्यावर काका म्हणाले, "पहिल्या नंबरची खोली होती, गेले काहून?"

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा राहू द्यायची नसत. माणूस जिथून आला ते त्याचं नाव. मी पांढुर्णा. भोपाळ, सागर, इटारसी, सगळी गावं त्यांच्या व्हरांड्यात चहा प्यायची. "ए सागर, तुझा टॉवेल वाळून राहिला तिकडे." माझ्या वडिलांना मात्र ते "मोठे पांढुर्णा" म्हणायचे.

मंडळाचे अध्यक्ष त्यांना वैतागले होते. स्टेशनजवळ नवीन हॉटेलं झाली होती, तिथे माणसं हसून खोलीचे गुण सांगत. इथे दोष ऐकून अर्धी गिऱ्हाइकं परत फिरत. "अहो, निदान एक चांगली पाटी तरी लावा," असं अध्यक्षांनी सांगितल्यावर काकांनी पेंटरकडून पाटी करून घेतली. तिच्यावर लिहिलं होतं: 'खोल्या मिळतील. आवाज येतो.'

हट्टी तर फारच. एका प्राध्यापकांना घाई होती, ते म्हणाले, मला सगळं चालतं, तुम्ही किल्ली द्या. काका म्हणाले, "चालते ते मला माहीत आहे. पण ऐकून घ्या." प्राध्यापक ऐकेनात, काका देईनात. शेवटी प्राध्यापकांनी बाकावर बसून नळाच्या थेंबापासून डासांपर्यंत सगळं ऐकलं, तेव्हा किल्ली सुटली. मला वाटतं, पुढे प्राध्यापक जबलपुरात दुसरीकडे कुठे उतरलेच नाहीत.

लग्नाच्या वरातींना ते खोल्या देत नसत. अध्यक्षांनी कितीदा समजावलं, पण त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "वराती लोक झोपायसाठी येत नाहीत."

*

आता जे सांगायचं आहे ते मी नोकरीला लागल्यानंतरचं. इथेच, जबलपुरात, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मला नोकरी मिळाली होती, आणि मी खोली भाड्याने घेऊन राहत होतो.

लहानपणी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर एक दुकान होतं, तिथे हिंदी कॉमिक्स वाचायला भाड्याने मिळायची. त्यातला आमचा लाडका नायक कप्तान कोहरा. तो धुक्यातून यायचा, धुक्यात जायचा, आणि त्याच्या खऱ्या घराचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. मोठा झाल्यावर मोबाइलवर कळलं, की हे वेड फक्त माझं नाही. सगळ्या हिंदी मुलखातले शेकडो लोक अजून ते अंक जपून आहेत. त्यांचा एक ग्रुप होता आणि वर्षातून एकदा त्यांचा मेळावा भरायचा. लोक नायकांचे, खलनायकांचे कपडे घालून यायचे, जुने अंक बदलायचे, पोटभर बोलायचे. मेळावा नेहमी दिल्लीसारख्या मोठ्या शहरात भरायचा. लहान गावांतल्या कितीतरी जणांना ते जमायचं नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, एकदा जबलपूरला या. राहायची सोय मी बघतो.

हे वाक्य लिहिताना माझा ऊर भरून आला होता, हे मला आठवतं. पांढुर्ण्याचं आमचं घर एका खोलीचं. "माझ्याकडे या, राहा" असं कोणाला म्हणायची वेळच आमच्यावर आली नव्हती. मी पहिल्यांदा यजमान होत होतो.

तारीख सगळ्यांनी मिळून ठरवली, आणि तिथेच आम्ही चुकलो. एका अंकात कप्तान कोहराचा वाढदिवस छापलेला आहे. ती तारीख आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. त्या वर्षी ती शनिवारी येत होती, सगळे खूश झाले, गाड्यांची तिकिटं निघाली. पंचांग कोणी पाहिलं नाही. तुळशीचं लग्न झाल्यानंतरचा तो पहिला मोठा मुहूर्त होता.

मेळाव्याचा हॉल पक्का होता. पण ज्या हॉटेलात खोल्या ठरवल्या होत्या, तिथल्या मॅनेजरचा आठवडाभर आधी फोन आला. "भैया, बारात वालों ने पूरा होटल ले लिया है. आपका ऐडवांस वापस कर देते हैं. आप कहीं और ऐडजस्ट कर लो." मी स्टेशनपासून सदर बाजारापर्यंत सगळी हॉटेलं पालथी घातली. कुठे मांडव पडलेले, कुठे बँडवाले सराव करत बसलेले. एक खोली रिकामी नव्हती.

ग्रुपचे दिल्लीचे भाईसाब सगळी व्यवस्था बघायचे. त्यांना कळवलं. ते रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. "हमने कहा था ना भाई, छोटे शहर में मुश्किल होती है. कोई बात नहीं. कल शाम तक देख लो, नहीं तो कैंसल कर देते हैं."

मेळावा रद्द झाला असता तर पुन्हा कधी आमच्यासारख्या शहराकडे कोणी वळून पाहिलं नसतं. आणि मी बोलावून दार बंद केलेला माणूस ठरलो असतो. मी काकांकडे गेलो.

*

"किती लोक?" काकांनी विचारलं.

"साठेक."

"वराती नाहीत ना?"

"नाही काका. कॉमिक्सवाले."

"ते काय करतात?"

मी सांगितलं. कपडे घालतात, अंक दाखवतात, वाढदिवस साजरा करतात.

"कोणाचा वाढदिवस?"

"कप्तान कोहराचा."

"तो येऊन राहिला काय?"

"नाही काका, तो छापलेला आहे."

"मग त्याची खोली वजा," काका म्हणाले. "बाकीचे रात्री काय करतात?"

"झोपतात."

"चलो. मग आपले लोक आहेत."

अतिथीगृहात दाटीवाटीने निम्मे मावणार होते. बाकीच्यांसाठी काकांनी मंडळातली घरं आठवायला सुरुवात केली. ज्यांची मुलं बंगलोर-पुण्याला गेली, त्यांच्या खोल्या रिकाम्या. काका फोनवर विनंती करत नसत, कळवत असत: "संध्याकाळी येऊन राहिलो, खोली पाहायला." त्याच संध्याकाळी मी दिल्लीला कळवलं, कॅन्सल करू नका.

पुढचे काही दिवस ऑफिस सुटलं की मी काकांना मोटरसायकलवर मागे बसवून फिरायचो. आधी दीक्षितपुऱ्यातल्या गल्ल्या, मग रांझीचे क्वार्टर. प्रत्येक घरात तोच प्रकार. काका नमस्कार करायचे, पाणी प्यायचे, पलंगाखाली बूट जोडीने ठेवायचे, उशीवर रुमाल पसरायचे, आणि घरातली सगळी माणसं बघत असताना डोळे मिटून पडायचे. एका घरात टीव्ही बंद करायला लावला. एका घरात आजीबाईंनी घाबरून विचारलं, "यांना बरं नाही काय?"

रांझीला काकांच्या जुन्या सोबत्याचं घर होतं. ते आणि त्यांच्या पत्नी. या वहिनी फॅक्टरीच्या दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. जबलपुरातला मराठी माणूस त्यांच्या आवाजाला दबून असायचा. काका त्यांच्या मुलाच्या खोलीत पडले, उठले, आणि सुरू झाले.

"गादीला डांबराच्या गोळ्यांचा वास येते. भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं चालते. अन् दाराची कुंडी लागत नाही, आतून दार बंदच होत नाही."

वहिनींचा चेहरा बदलला. "भावजी, या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून ते घड्याळ तिथंच आहे."

त्यांचे यजमान हळूच म्हणाले, "तरीच मला झोप येत नाही."

"तुम्ही चूप बसा," वहिनी त्यांना म्हणाल्या, आणि काकांकडे वळल्या. "आमचे दोष सांगतले, ठीक आहे. पण काहून फक्त आमचेच? जो येऊन राहिला त्याचे कोण सांगन? मी कोणाला घरात घेऊन राहिली, ते मला नको कळायला?"

काका पलंगाखालचे बूट ओढता ओढता थांबले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. बूट घालता घालता ते म्हणाले, "बरोबर बोलून राहिली वहिनी. तपासणी दोन्ही बाजूनं पाहिजे."

गेटाबाहेर आल्यावर मला म्हणाले, "पांढुर्णा, विचार तुझ्या लोकांना. ज्याचे त्याचे दोष त्यानं सांगायचे. रात्रीचे फक्त. दिवसाचे आपल्याला काय करायचे."

मला हे पटलं नव्हतं. आधीच हॉटेल हातचं गेलेलं, त्यात पाहुण्यांना विचारायचं, तुमच्यात दोष काय? तरी ग्रुपवर लिहिलं. हॉटेल मिळालं नाही, घरांमध्ये सोय करतो आहे, घरवाल्यांना सांगायचं आहे, रात्री तुमचा काय त्रास होतो ते मोकळेपणाने कळवा.

आधी दिल्लीच्या भाईसाबांनीच लिहिलं, मी घोरतो, माझी बायको दुसऱ्या खोलीत झोपते. त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. एकाला दिवा लागलेला लागतो. एकाला आपलीच उशी लागते, ती तो आणणार आहे. लखनौचा एक जण झोपेत खलनायकाचे संवाद म्हणतो, पण फक्त पहिल्या भागातले. आणि रायपूरच्या एकाने लिहिलं, माझा दोष रात्रीचा नाही, पण मी आठ हातांचा खलनायक होऊन येतो आहे आणि जादाचे सहा हात घडी होत नाहीत. काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "त्याला एकट्याला खोली. हातांसाठी दुसरा पलंग."

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात असताना मला बिलासपूरहून एक फोन आला. बिलासपूरचा हा मुलगा ग्रुपमध्ये सगळ्यात जुना. कुठला अंक कधी निघाला, कोणी काढला, हे त्याला विचारायचं. दर वर्षी तो मेळाव्याला येतो म्हणायचा आणि ऐन वेळी यायचा नाही. आम्ही त्याला त्यावरून पुष्कळ चिडवलं होतं.

"भैया," तो म्हणाला, "ग्रुप पे नहीं लिख सकता था. मुझे नींद में दौरे पड़ते हैं. मिर्गी है. हर बार टिकट निकालता हूँ, फिर माँ कहती है होटल का बंद कमरा, अकेला, रात में कुछ हो गया तो कुंडी कौन खोलेगा. वो भी ठीक कहती है. मैं कैंसल कर देता हूँ."

त्याला झोपेत फिट येत होत्या, आणि आम्ही त्याला न येण्यावरून चिडवत होतो.

"आपने पूछा इसलिए बता रहा हूँ," तो म्हणाला. "कभी किसी ने पूछा ही नहीं था."

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते मुठीतली किल्ली फिरवत ऐकत होते. मग एकदम उभे राहिले. "कुंडी न लागणारी खोली आहे आपल्यापाशी. अन् घरात नर्स आहे. गाडी काढ, मी फोन करतो तिला."

काकांनी वहिनींना फोन लावला तर तिकडून ठोकाठोकीचा आवाज. काकांनी दोष काढल्यावर वहिनींना रागाने राहवलं नव्हतं. डांबराच्या गोळ्या फेकल्या, गादी उन्हात टाकली, घड्याळ काढून स्वयंपाकघरात लावलं, आणि कुंडी दुरुस्त करायला सुतार बोलावला. "आता या भावजी, काढा दोष," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही.

काकांना मी कधी घाई करताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कमानिया गेटाच्या गर्दीत ते मागे बसून माझ्या खांद्यावर थापा मारत होते. "हॉर्न वाजव. अरे वाजव ना." रांझीला पोचलो तेव्हा सुतार नवी कुंडी बसवून शेवटचा स्क्रू फिरवत होता.

"काढ ते," काका त्याला म्हणाले.

सुताराने वहिनींकडे पाहिलं. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. "भावजी, कुंडी नव्हती तर रिजेक्ट, आहे तर रिजेक्ट? तुमचं चाललं काय?"

काकांना धाप लागली होती. बोलता येईना म्हणून मीच सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा दवाखान्यातला झाला.

"औषध घेते ना वेळेवर?" त्यांनी विचारलं.

"घेतो म्हणाला."

"आईचा नंबर दे मला." मग सुताराकडे वळून, "भैया, निकाल दो. दोनों तरफ़ की." आणि काकांना म्हणाल्या, "पलंगाचा कोपरा धारदार आहे, तो नाही दिसला तुम्हाला. मोठे तपासणीवाले. त्याला मी गोधडी गुंडाळून ठेवते."

काकांनी वाकून पलंगाच्या कोपऱ्यावर बोट फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा पास झालेल्या मुलासारखा दिसत होता.

*

शनिवारी सकाळी लोक आले. कोणी झग्यात, कोणी मुखवटा हातात धरून, आणि रायपूर आपले सहा हात दोन रिक्षांत घालून. काका व्हरांड्यात उभे राहिले आणि यादीतली घर-पाहुण्याची एकेक जोडी वाचू लागले. आधी घराचे दोष, मग पाहुण्याचे. हिंदीत वाचायचं म्हणून ते आणखीच कडक वाटत होते. "दिल्ली. घर दीक्षितपुरा में. सीढ़ी सँकरी है, सुबह आरती की घंटी बजती है. दिल्ली खुद खर्राटे लेता है. घरवालों को मंज़ूर है. आपको?" लोकांना आधी कळेना, मग ते हसायला लागले, आणि मग प्रत्येक दोषाला टाळ्या पडू लागल्या. स्टेशनवरून आलेली, एकमेकांना फक्त मोबाइलवर ओळखणारी ती माणसं त्या व्हरांड्यातच एकमेकांची झाली. आपलं सगळं आधीच सांगून झालेलं असलं की लपवायला काही उरत नाही, हे मी तिथे पाहिलं.

मेळावा छान झाला. पण मला आठवते ती रविवारची सकाळ. काका उजाडताच माझ्या दाराशी आले, गाडी काढायला लावली, आणि आम्ही एकेका घरी गेलो. दार उघडलं की एकच प्रश्न. "झोप लागली का? नींद आयी?" उत्तर ऐकायचं आणि पुढच्या घरी निघायचं. रायपूर म्हणाला, मला लागली, पण माझा एक हात पलंगावरून पडला. काका म्हणाले, तो खोलीचा दोष नाही.

रांझीला सगळ्यात शेवटी गेलो. बिलासपूर स्वयंपाकघरात पोहे खात बसला होता, डोक्यावरच्या भिंतीवर ते काढून आणलेलं घड्याळ टकटकत होतं. वहिनींनी आम्हाला दारातच हळू आवाजात सांगितलं, "रात्री एकदा झटका आला. छोटा होता. कुशीवर वळवलं, बसून राहिली त्याच्यापाशी. मग झोपला शांत."

काका आत गेले. या वेळी ते आधी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"नींद आयी, बिलासपुर?"

त्याने बशी खाली ठेवली. "आयी, काका. घर के बाहर पहली बार आयी." मग लाजून म्हणाला, "माँ को फ़ोन किया था. वो रो रही थी. बोली, अगली बार भी जाना."

काकांनी मान हलवली, रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. वहिनींच्या यजमानांनी विचारलं, "काय रे, पास का रिजेक्ट?" तर म्हणाले, "चहा आण. साखर कमी घाल, मागच्या वेळी जास्त होती."

*

आता काका पुण्याला लेकीकडे असतात. गुडघे दुखतात, मंडळाने सांभाळायला दुसरा माणूस ठेवला आहे. तो चांगला आहे. हसून म्हणतो, सर, रूम एकदम मस्त आहे. पाटी काढून टाकली. मी मागून आणली, माझ्याकडे आहे.

यंदा रांझीच्या पुढे नव्या वस्तीत मी घर बांधलं. वडील राहायला आले आहेत. घराला एक खोली जास्तीची आहे, पाहुण्यांसाठी. आमच्या घराण्यातली ती पहिली. बांधून झाल्यावर मी काकांना पत्र पाठवलं. फोनही करता आला असता, पण काही गोष्टी काकांना फोनवर ऐकू येत नाहीत आणि काही मला बोलता येत नाहीत. पत्राची नक्कल ठेवली होती, ती देतो आणि थांबतो.

*

आदरणीय काकांना साष्टांग नमस्कार.

घर बांधून झालं. पाहुण्यांची खोली तयार आहे. मी स्वतः तिच्यात झोपून पाहिलं, उशीवर रुमाल पसरून. नंतर बाबाही झोपून पाहायला गेले, ते जेवायच्या वेळेपर्यंत उठलेच नाहीत.

दोष असे आहेत. खिडकी पूर्वेला आहे, उजेड लवकर येतो. समोर बांधकाम चालू आहे, दुपारी आवाज असतो. नव्या रंगाचा वास अजून गेलेला नाही. नळ उलटा फिरतो. बाबा पहाटे उठतात आणि पाहुणा उठायची वाट बघत दाराशी बसून राहतात, त्याला इलाज नाही. वहिनींचं घर जवळ आहे, त्या रोज येतील आणि तुम्हाला चालायला लावतील. दाराला कुंडी बसवलेली नाही.

वहिनींच्या नियमाप्रमाणे तुमचेही दोष मी घरात सांगितले आहेत. चहात साखर कमी लागते, आणि झोपेत रिजेक्ट म्हणता. बाबांना मंजूर आहे.

मेळावा या वर्षी पुन्हा जबलपूरला आहे. पंचांग पाहिलं. वाढदिवस एक आठवडा पुढे ढकलला आहे, कप्तान कोहराची हरकत नाही. बिलासपूर यंदा आईला घेऊन येतो आहे. व्हरांड्यात उभं राहून वाचायला माणूस पाहिजे.

तुम्ही आजवर कोणाकडे पाहुणे म्हणून उतरल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे उतरा. तुमचं तिकीट मी काढतो, पुणे स्टेशनवर लेक सोडेल, इथे मी घ्यायला येईन.

सकाळी चहा घेऊन मीच येईन आणि दाराशी उभा राहून एकच गोष्ट विचारीन. तुम्ही खरं सांगायचं.

तुमचा,
पांढुर्णा